वहिनीनं सोडलेल्या गोष्टी

शाळेच्या ऑफिसात दादाचा फोन आला. "मंदा गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कोण मंदा?" पंधरा दिवसांपूर्वीच वहिनी माझ्या नाशिकरोडच्या घरी बिनसाखरेचा चहा पिऊन गेली होती. आता बारीक झाले की जुने ब्लाउज पुन्हा होतील, म्हणून खुशीत होती. महिना उलटला तरी तो फोन मला खरा वाटत नाही...

मखमलाबादच्या आमच्या मळ्यात ती सून म्हणून आली तेव्हा मी कॉलेजात होते. अंगानं काडी, पण झेंडूच्या ओळीत वाकली की गडीमाणसं मागं पडायची. हट्टी मात्र अशी की विचारू नका. त्र्यंबकला गेलं की कुशावर्तात स्नान करून एखादा आवडीचा पदार्थ सोडायचा, ही आमच्या घरची रीत. आम्ही कारलं सोडून पुण्य मिळवणारी माणसं. वहिनीनं पहिल्याच खेपेला भरलं वांगं सोडलं, जे तिचा जीव की प्राण होतं. पुढं कुणी कितीही आग्रह केला तरी तिचं उत्तर ठरलेलं, "सोडलं म्हंजे सोडलं."

मग तिचे गुडघे धरले. आठवडी बाजारात एकजण सांधेदुखीची पुडी द्यायचा. ती घेतली आणि थोड्याच दिवसांत वहिनी पुन्हा मळ्यात धावायला लागली, तेव्हा साऱ्या घरानं त्या पुडीला हात जोडले. वर्षा-दोन वर्षांत अंग सुटत गेलं. चेहरा गोल आणि लाल, पोट पुढं, मानेमागं गोळा... हातपाय मात्र बारीक होत चाललेले, जरा लागलं की काळंनिळं. आम्ही फक्त लठ्ठपणा पाहिला. आधी "मानवलं हो सासर" म्हणून कौतुक झालं, मग चेष्टा, मग संशय. माझी आई, म्हणजे तिची सासू, तोंडावर म्हणायची, "हवा खाऊन कुणी फुगतं व्हय?"

वहिनीनं भात सोडला, गोड सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं. ताट बाजूला ठेवून छोट्या ताटलीत जेवायला लागली, तेही ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. वजन वाढतच होतं. एकदा मला म्हणाली, "वन्सं, मी चोरून खात नाय हो. तुमी तरी खरं माना." मी मानलं. पण माझ्या एकटीच्या मानण्यानं तिचं भागणार नव्हतं.

शेवटी मी तिला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. वजनकाट्याआधी त्यांनी तिचे दंड पाहिले आणि विचारलं, "कसली पुडी वगैरे घेता का?" पुडीत स्टिरॉइड असणार, वजन त्यामुळं वाढलंय, खाण्यामुळं नाही, असं ते म्हणाले आणि वहिनीला रडू फुटलं. "मंग मी खोटी नव्हते ना?" डॉक्टर पुढं बरंच बोलत होते. शरीराला याची सवय झालीय, एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल, मी देतो त्या गोळ्या घ्या, त्या आपण हळूहळू कमी करू. वहिनीनं मान डोलावली. पण तिच्या कानात बहुधा पहिलंच वाक्य राहिलं.

त्याच दिवशी ती माझ्याकडे चहाला थांबली होती. पुढच्या सोमवारी ती त्र्यंबकला गेली, कुशावर्तात स्नान केलं आणि पुडी, गोळ्या, सगळंच सोडून आली. हळूहळू सोडणं तिला माहीतच नव्हतं. उलट्या सुरू झाल्या, ग्लानी येऊ लागली, तर घरच्यांना वाटलं, विष बाहेर पडतंय, बरंच झालं. मला कुणी कळवलं नाही. झेंडूच्या ओळीतच ती कोसळली. गोळ्या कधी बंद केल्या, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा दादानं त्र्यंबकचा सोमवार सांगितला. तो पुडीवाला आता बाजारात बसत नाही म्हणतात. त्याच्यावरचा राग कुठं काढावा, मला कळत नाही.

तेराव्याला तिच्या नावानं पान वाढायची वेळ आली आणि सगळ्यांचे हात थबकले. गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं. भात तिनं सोडलेला, गोड सोडलेलं, वांगं तर केव्हाच. दादानं गुपचूप तिची ताटली पुढं ओढली आणि तीत चतकोर भाकरी ठेवली.

आई उठली. ताटली तिनं बाजूला सारली आणि घरातलं सगळ्यात मोठं ताट आणलं. भरलं वांगं वाढलं, भात वाढला, त्यावर तूप, शेजारी खीर... ताटात जागा उरली नाही तरी तिचा हात थांबेना.

"खा मंदा," ती म्हणाली, "पोटभर खा. आता कुणी काय म्हणत नाय."