नेहमीइतकंच

धाकटी लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. एके काळी भारी बडबडी. शेजारच्या टेबलावरच्या बायका म्हणायच्या, इस्त्री थंड पडेल, पण हिचं तोंड नाही. मग तिचं लेकरू गेलं आणि ते तोंड मिटलं ते मिटलंच. "छातीत आग होते," एवढंच काय ते बोलायची. डोंगरापलीकडून शहरात आलेली ही माणसं. त्यांच्यात उदास कुणी होत नाही, छाती पेटते. चार वर्षं अशीच गेली. काल ती गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली दिसली आणि तिच्या ताईचं काळीजच उडालं. आज ताईने तिला दवाखान्यात आणलं, पाचव्या मजल्यावर.

डॉक्टरांना भेटायचं तर आधी नर्सची प्रश्नावली. गुण जास्त पडले तरच आत सोडायचे. प्रश्न इथल्या शहरी माणसांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले. यांच्यासाठी नुसती भाषा बदललेली. छातीचं त्यात नावही नव्हतं.

"नेहमीपेक्षा जास्त उदास वाटतं?" नर्सने विचारलं.

"नाही. नेहमीइतकंच."

"झोप नेहमीपेक्षा कमी?"

"नेहमीइतकीच."

"जगणं नेहमीपेक्षा जास्त नकोसं वाटतं?"

"नेहमीइतकंच."

धाकटी काही लपवत नव्हती. चार वर्षांत हेच तिचं नेहमीचं होऊन बसलं होतं. नर्सने मान खाली घालून बेरीज केली. शून्य.

"तुमच्याकडची माणसं मनाने खंबीर हं," ती कौतुकाने म्हणाली. "यात नेहमी ठणठणीत निघतात."

ताईचं डोकंच फिरलं. "कसली खंबीर? काल कठड्यावरून ओढून आणलंय हिला! तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही, घास घशाखाली उतरत नाही!"

"ते डॉक्टरांना सांगा. मी फक्त गुण बघते. पण तुम्हाला हे नेहमीपेक्षा जास्त होतंय ना?" नर्सने नवा कागद ओढला.

ताईला भरभरून गुण पडले. डॉक्टरांची भेट मिळाली ती ताईला! चला, आत जाऊन हिचंच सांगू, असं म्हणत ती धाकटीला घेऊन दाराशी गेली. शिपाई आडवा आला. "पेशंट एकटाच आत."

"जा ना ताई," धाकटी हळूच म्हणाली. "तू बरी व्हायला हवीस. मी थांबते इथे बाकावर."

बाकामागची खिडकी सताड उघडी होती. ताईला रडू फुटलं. शिपायाने तिचं नाव दोनदा पुकारलं. तिला धाकटीचा हात सोडवेना. मग पुढच्या बाईला आत घेतलं.