कोरड्यास

ऑनलाइन ज्ञानकोशात भटकायची सवय आम्हा नवराबायकोला एकदमच लागली. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून माझ्या सवयीला लोक व्यासंग म्हणायचे. ती घरी असायची, म्हणून तिच्या त्याच सवयीला रिकामटेकडेपणा म्हणायचे. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी संगणक सुरू व्हायचा आणि मी सापडेल ते पान मोठ्यानं वाचायचो. उंदरांच्या शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांचा एकच गठ्ठा झाला, तर त्याला उंदरांचा राजा म्हणतात. नाक आणि वरचा ओठ यांच्यामधल्या खळीला स्वतंत्र नाव आहे. एकच शब्द पुन्हापुन्हा उच्चारला की त्यातला अर्थ गळून पडतो, त्यालाही नाव आहे. असलं काही निरुपयोगी हाती लागलं की माझा दिवस सार्थकी लागायचा. सहकारी बढतीच्या गप्पा मारून खूश व्हायचे, त्यापेक्षा हे बरं.

ती पाचोडजवळच्या एका गावची. शिकलेली होती, पण विद्वानांविषयी तिला मनातून संशय होता. बांधलेला रस्ता सोडून लोक गवतातून आपल्या पायांनी जी वाट पाडतात, तिला परदेशातल्या नगररचनाकारांनी खास नाव दिलंय आणि मराठीत कुणीतरी त्याचा ‘इच्छापथ’ केलाय, असं मी एकदा वाचून दाखवलं.

“आमच्यात त्याला पायवाट म्हणतात,” ती म्हणाली.

“पायवाट वेगळी. यात बांधलेला रस्ता नाकारणं आहे.”

“आमच्या गावाला बांधलेला रस्ताच नव्हता, नाकारणार काय? वाचा पुढं.”

मराठी पानं तर मी तिला हसवायलाच वाचायचो. यंत्रानं भाषांतर केलेली आणि माणसानं एकदाही न वाचलेली पानं. त्यांत नद्या ‘स्थित’ असतात, डोंगर ‘आढळून येतात’ आणि माणसं जन्मल्याबरोबर ‘एक भारतीय’ होतात. ती गेल्यावर भेटायला आलेले लोक माझ्याशी याच मराठीत बोलले. भरून न निघणारी पोकळी, ईश्वरेच्छा, काळ हेच औषध. मी मान हलवत होतो आणि हे सगळं ज्याला ऐकवायचं ते माणूस घरात नव्हतं.

तिचा स्वतःचा एक शब्द होता. रोज सकाळी ती विचारायची, “आज कोरड्यास काय करू?” भाकरीबरोबर खायला जे काही शिजवायचं, वरण, भाजी, पिठलं, आमटी, ते कोरड्यास. मी शहरात वाढलो. लग्नानंतर कितीतरी दिवस मी हा शब्द नुसता ऐकत होतो. मग एका सकाळी डोक्यात प्रकाश पडला आणि ज्ञानकोशातल्या कुठल्याही पानानं झाला नव्हता एवढा आनंद झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं, की या शब्दाच्या शेवटी विभक्तीचा प्रत्यय आहे. कोरड्यास म्हणजे कोरड्याला. भाकरी कोरडी, तिच्यासाठी जे करायचं ते कोरड्यास. पदार्थाला स्वतःचं नावच नाही. तो कुणासाठी आहे, तेच त्याचं नाव.

“बायकांचं असंच असतंय,” ती म्हणाली. “वांगं करू का?”

दवाखान्यात, शेवटी शेवटी, तिनं डोळे उघडून मला विचारलं, “कोरड्यास काय केलं तुम्ही?” मी घरी एकटा काय खातोय, एवढंच तिला विचारायचं होतं. शेजारी उभ्या नर्सच्या कानावर फक्त ‘कोरड’ पडलं. “घशाला कोरड पडलीय त्यांच्या,” म्हणत तिनं ओला कापूस ओठांवरून फिरवला. चांगल्या मनानंच फिरवला. त्यानंतर माझी बायको पुन्हा बोलली नाही आणि माझं उत्तर राहून गेलं. आता हा शब्द कुणी चुकीचा समजला की मला सहन होत नाही.

आणि ज्ञानकोशात तो चुकीचाच होता. मराठवाड्यातल्या खाद्यपदार्थांच्या पानावर लिहिलं होतं, ‘कोरड्यास: पाणी न घालता केलेली सुकी भाजी.’ मी ते दुरुस्त केलं. तासाभरात कुणा टोपणनावाच्या संपादकानं माझी दुरुस्ती पुसली. ‘कोरडे या शब्दावरून अर्थ स्पष्ट आहे. संदर्भ द्यावा.’ मी प्रत्यय समजावून सांगितला. उत्तर आलं, ‘स्वतःचे संशोधन चालत नाही.’ आमच्या शहराचं जुनं नाव लिहायचं की नवं, त्या पानावर ही मंडळी डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. त्या शहरातली माणसं भाकरी कशाशी खातात, हा प्रश्न मात्र त्यांना सुक्या भाजीवरच भागवायचा होता.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ पाचोडहून भेटायला आला.

“दाजी, जेवता का नुसतं ह्या कंप्युटरकडं बघत बसता?”

मी त्याला पान दाखवलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

“सुकी भाजी? मंग भाकर घशाखाली उतरायची कशी ह्याच्या? कुठला हाय हा?”

“माहीत नाही. संदर्भ मागतो.”

“म्हंजी?”

“छापील पुरावा.”

“आन् मी जित्ता माणूस समोर बसलोय, ते?”

“जिवंत माणूस चालत नाही तिथं.”

“लई भारी. मेलेला चालतो व्हय?” तो बोलून गेला आणि मान खाली घालून बसला. मीच मग त्याला चहा विचारला.

पण त्याचं म्हणणं खरं निघालं. कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी अमदानीतला एक जाड मराठी कोश आहे. एका साहेबानं केलेला. त्यात हा शब्द होता, अर्थही बरोबर होता. मी पानाचा क्रमांक टाकला आणि संपादक लगेच नरमले. तिचं अख्खं गाव रोज सकाळी जे बोलतं ते अविश्वसनीय, आणि त्या गावाकडे न फिरकलेला, कधीच मेलेला साहेब प्रमाण. असो. अर्थ सुधारला, म्हणून मी दोन घास नीट जेवलो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या शब्दापुढं कंसात एक भर पडली होती. ‘कालबाह्य.’ कारण दिलं होतं, संदर्भ जुना आहे. शब्द आजही वापरात असल्याचा पुरावा असल्यास द्यावा.

माझ्या घरापुरतं पाहिलं तर त्या मूर्खाचं बरोबर होतं. इथं तो प्रश्न आता कुणी विचारत नाही. पण माझं घर म्हणजे भाषा नव्हे, आणि तो टोपणनावाचा संपादक तर नव्हेच नव्हे.

मी तो कंस काढला. दुपारी तो परत आला. आता रोज सकाळी चहा झाला की मी तो काढतो आणि दुपारपर्यंत तो परत बसवलेला असतो. काल मला रीतसर ताकीद आली, की असे बदल पुन्हा केल्यास माझं खातं बंद करण्यात येईल. ताकिदीच्या मराठीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. आज सकाळी मी आधी त्या चुका त्यांना लिहून कळवल्या आणि मग कंस काढला.