साफ करून काढलेले आवाज

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगमधल्या आमच्या शेजारशेजारच्या फ्लॅट्सची मधली भिंत पातळ आहे. पलीकडे राहणारा पुण्याचा माणूस हॉस्पिटलमध्ये आयटी सांभाळतो आणि उरलेल्या वेळात संगीत करतो. क्योतोतल्या एक बाई कोतो, म्हणजे तिकडचं तंतुवाद्य, वाजवून रेकॉर्डिंग पाठवतात आणि हा लॅपटॉपवर त्याखाली लांबलचक सूर पसरतो. दोघांचा मिळून अल्बम चाललाय, पण भेट एकदाही झालेली नाही. जिन्यात विचारलं की "होतोय गं, हळूहळू," एवढंच म्हणतो. तेही मध्ये इतका थांबून, की माझी ट्रेन चुकायची वेळ येते.

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून बाईचं खोकणं, सपाता घासत चालणं, किटलीची शिट्टी ऐकू आली. चला, याच्याकडे एकदाचं कुणीतरी आलं, म्हणून मी हौसेने वांग्याची भाजी घेऊन गेले.

टेबलावर एकच ताट होतं. आवाज स्पीकरमधून येत होते.

"क्योतोच्या बाईंच्या रेकॉर्डिंगमधून साफ करून काढलेत," तो ओशाळून म्हणाला. "अल्बममध्ये हे नको असतं ना."

"मग टाकून का देत नाहीस?"

त्याने ताट जरा पुढे ओढलं. "जेवताना लावतो."

मी भाजी ठेवली आणि परत आले. तेव्हापासून माझी एकटीची चार भांडी मी त्या भिंतीपाशी, जरा आपटतच लावते.