कोपरा कापलेला पासपोर्ट

आमच्या दुकानात रद्दी साठत नाही तेवढे किस्से साठतात. वडशाला स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच दुकानात फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं काम युसूफभाईंकडे. पासपोर्टचं गिऱ्हाईक आलं की त्यांना उत्साह येतो आणि मला घाम फुटतो. फॉर्म मी चुकवला तर विमान दुसऱ्याचं चुकतं ना!

*

राइस मिलमधला एक वेल्डर दुबईला निघाला होता. मूळचा एटापल्लीकडचा. त्याचा फॉर्म मी तीनदा तपासला होता. पोलीस चौकशीला त्याच्या गावात गेले आणि विचारलं, हा इथे राहतो का? अख्ख्या गावाने सांगितलं, असा माणूस आम्ही कधी पाहिलाच नाही. पोलीस ज्याला शोधतात त्याला गाव असंच सांभाळतं. सगळ्यात ठाम होता त्याचा सख्खा बाप.

अर्ज परत आला. दुसऱ्या चौकशीआधी मी बापाला फोन केला. म्हटलं, "बाबा, या टायमाले हो म्हणा."

बाप म्हणाला, "आधी हे सांगा, त्यानं केलं काय?"

*

युसूफभाईंना उघडा कागद बघवत नाही. रेशनकार्ड, मार्कशीट, एकदा तर स्वतःच्या लग्नाची पत्रिका, सगळं लॅमिनेशनमध्ये. एके दिवशी मी जेवायला घरी गेलो तेवढ्यात यांनी मक्केला, उमराहला निघालेल्या एका चाचांचा पासपोर्ट सपाट उघडला आणि मशीनमधून काढला. मी परतलो तेव्हा दोघं मिळून त्यावर तांब्याने पाणी ओतून बघत होते.

"एक थेंब अंदर नाई गेला," युसूफभाई म्हणाले.

"आणि शिक्का कुठी मारतीन?" मी विचारलं.

"ऊपर से मारेंगे."

चाचांचा नवीन पासपोर्ट येईपर्यंत मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही.

*

सिंधूबाई नाटकवाल्यांचे कपडे शिवतात. मुलगी वर्षा अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. आठ वर्षांपूर्वी बाईंनी आणि त्यांच्या वनरक्षक नवऱ्याने बरोबरच दहा वर्षांचा व्हिसा काढला होता. त्याच वर्षी नवरा वारला आणि जाणं राहिलं. पुढे बाईंच्या पासपोर्टची मुदत संपली. व्हिसा मात्र बाकी होता. मी नवीन पासपोर्ट काढून दिला. जुना परत आला तो रद्द झाल्याची खूण म्हणून कोपरा कापून.

बाई रडतच दुकानात आल्या. "भाऊ, कोपरा कापला हो यायनं. आता मले जाऊ देतीन का? पोरीजवळ दुसरं कोनी नाई."

युसूफभाईंनी पासपोर्ट हातात घेतला. "कोपरा मी जोडून देतो. वरून लॅमिनेशन."

मी तो झडप घालून काढून घेतला. व्हिसाच्या पानाला कुणी हात लावला नव्हता. नियम माहीत असूनही मी चार वेळा वाचला आणि मग बाईंना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला: ज्या पासपोर्टमध्ये व्हिसा चालू आहे तो घरी ठेवायचा नाही. मुदत संपली असली तरी सोबत न्यायचा.

बाईंनी तो कागद दोनदा वाचून ब्लाउजमध्ये ठेवला.

*

नागपूर विमानतळावर त्यांना सोडायला आम्ही दोघंही गेलो. काचेबाहेरून बघत होतो. काउंटरवरच्या मुलीने नवीन पासपोर्ट उलटा-सुलटा केला, काहीतरी विचारलं आणि उभी राहिली. बाई भिंतीकडे तोंड करून वाकल्या. त्यांना चक्कर आली असं वाटून युसूफभाई आत घुसायला निघाले आणि गार्डने त्यांना अडवलं.

थोड्या वेळाने बाईंचाच फोन. "घेतलं भाऊ अंदर. व्हिसावाला म्या पदराच्या आतून पिशवीत घालून शिवून टाकला होता. दातानं टाके तोडले."

"कैची मागायची ना!"

"ते देत होती. म्हटलं, माये टाके कैचीले आयकत नाई."

*

वर्षाला मुलगी झाली. बाई वेळेवर पोचल्या होत्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, तिकडच्या साहेबाने अडवलं का?

"थांबवलं ना. साहेबानं पुस्तकं मोजली. हिंदी बोलनारा एक मानूस बलावला. तो म्हने, दोन तं तुमचे, हा तिसरा कोनाचा?"

"तिसरा?"

"मीनं सांगतलं, आमच्या मालकायचा. तं म्हने, मंग ते कुठी हायेत?"

युसूफभाईंनी मशीन बंद केली.

"म्हटलं, ते नाई राह्यले साहेब. पन व्हिसा चालू हाये."