ब्लॉक बसवायला आलेल्या ट्रकसमोर

आमच्या सोसायटीच्या मधोमध एक चौकोन आहे. नकाशात त्याला ‘उद्यान’ म्हणतात, बाकी सगळे त्याला ‘ती जागा’ म्हणतात. बिल्डरने ताबा देताना तिथे हिरवळीची गुंडाळी सतरंजीसारखी अंथरली होती. एका उन्हाळ्यात तिचं पायपुसणं झालं. तेव्हा, निवृत्त भूगोल शिक्षक या नात्याने, मी पुढे सरसावलो. ‘काळी माती ओल धरून ठेवते’ हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. आता करून दाखवायची वेळ आली होती.

जवळच्या कुंभारी गावातल्या ओळखीच्या शेतातून ट्रॉलीभर काळी माती आणून मी त्या चौकोनात पसरली आणि गुलाब लावले. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. सोलापूरच्या माणसाला पिवळं पान दिसलं की एकच रोग सुचतो, तहान. मी पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी झाली, मी आणखी पाणी वाढवलं. शेवटी एक गुलाब उपटून पाहिला, तर मुळं कुजून काळी पडलेली आणि वास असा की बायको गॅलरीतूनच म्हणाली, “शाळेत माती शिकवलीत तेवढी पुरे होती. घरापर्यंत कशाला आणलीत?”

त्यात परतीचा पाऊस दोन दिवस लागून राहिला. आमचे अध्यक्ष मूळचे अकलूजकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. लग्नाला निघाले होते. जवळची वाट म्हणून चौकोनातून गेले, आणि एक चप्पल तिथेच ठेवून पलीकडे पोचले. दुसरी पायात होती, पण तिच्याखाली एवढा चिखल, की एका बाजूने ते वीतभर उंच झाले होते. मी गॅलरीत हसलो. हसायला नको होतं, कारण त्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं की जागेवर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे आणि गाड्या लावायच्या. ट्रक सोमवारी येणार.

मग माझं डोकं फिरलं. झाडं मी मारली होती, कबूल. पण म्हणून जमिनीलाच फाशी? मी गुडघाभर खड्डा खणला आणि बादलीभर पाणी ओतलं. हे काम खरं तर माती आणण्याआधी करायचं असतं. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं आणि त्यात साळुंक्या आंघोळ करत होत्या. पाणी उपसून खाली पाहिलं, तर रोलरने दाबलेला मुरूम, फरशीचे तुकडे आणि एक अख्खं सिमेंटचं पोतं, दगड झालेलं. म्हणजे मी परातीत माती भरून तिला पाणी पाजत होतो. मुळांना हवा कुठून मिळणार?

अध्यक्षांना खड्डा दाखवला. ते काठावरूनच म्हणाले, “मास्तर, लई झालं. झाडं न्हाई जगत हितं. आता हट्ट सोडा की.”

“माती चांगली आहे. तळ फोडू द्या.”

“सोमवारी ट्रक येतोय. तोवर काय फोडायचं ते फोडा.”

हे ते चिडून बोलले असतील, पण मी ती परवानगी मानली. पहार घेतली. शेजारचे चाचा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, फाटकाशी थांबले. “क्या मास्तर, बावडी खोद रैं क्या?”

“हौ. तुम भी आओ.”

ते आले. मुरूम फोडताना चाचा बिल्डरला अशा शिव्या घालत होते की पहार आपोआप खोल जायची. मी मात्र दोनदा स्वतःच्याच बुटावर मारली. बायको घमेली उचलत होती आणि माझा नेम किती वाईट आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती. फोडलेल्या तळावर आम्ही शेणखत आणि पालापाचोळा घातला, माती कालवली.

सोमवारी ट्रक आला. ब्लॉकवाल्याने उकरलेल्या जागेत पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत आत गेला. म्हणाला, “हितं ब्लॉक बसायचं न्हाईत. आधी मुरूम भरा, रोलर फिरवा.” मी घरून खुर्ची आणली आणि चौकोनाच्या मधोमध मांडून बसलो. म्हटलं, “फिरवा रोलर.” ट्रक भरलेलाच परत गेला.

संध्याकाळी सगळी सोसायटी जमली. मी पुन्हा खड्डा करून बादली ओतली. लोक चहा प्यायले तेवढ्यात पाणी जिरलं. अध्यक्ष म्हणाले, “पानी जिरलं म्हंजी झाड येतंयच असं न्हाई.” ते बरोबर होतं. मी म्हटलं, “पण ब्लॉकवर येत नाही, एवढं नक्की.” तासभर भांडण झालं. शेवटी जागेचे दोन भाग झाले, अर्धी गाड्यांना, अर्धी मला. अर्ध्यावर मी खूश आहे असं अध्यक्ष सगळ्यांना सांगतात. मी नाही.

म्हणून गुलाब नाही लावला. आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, तीत डाळिंब खुशाल वाढतं आणि त्याला काटे असतात. ब्लॉकांच्या अगदी कडेला मी ओळीने डाळिंबं लावली आहेत. फांद्या अध्यक्षांच्या गाडीकडे वळल्या, तर कात्री माझ्या घरी आहे. मागायला त्यांनी यावं. मी देणार नाही.