‘नाही’ सांगणाऱ्या भूशास्त्रज्ञ : हेमलताबाई रणपिसे

हेमलताबाई रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट चिंचवडच्या एमआयडीसीतील आमच्या प्रयोगशाळेत झाली. मी रसायनतज्ज्ञ म्हणून नुकताच रुजू झालो होतो. खनिजांचे नमुने कापडी पिशव्यांतून येत, ते दळून, विरघळवून त्यांत काय किती आहे हे काढून देणे एवढेच माझे काम. एके दिवशी एक बाई थेट आत आल्या. पायांत जाड बूट, बुटांवर वाळलेली लाल माती. त्यांनी टेबलावरची एक पिशवी उचलली आणि विचारले,

"हा दगड कुठला, माहीत आहे का?"

"पिशवीवर क्रमांक आहे, मॅडम."

"क्रमांक मीच घातलाय. मी जागा विचारतेय."

मी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "मग पुढच्या खेपेला माझ्याबरोबर चला, तांबोळी," एवढे बोलून बाई गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या, की चेष्टाही करत नव्हत्या. पुढच्याच आठवड्यात त्यांची जीप प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेव्हापासून बाईंच्या निवृत्तीपर्यंत मी त्यांच्याबरोबर पुष्कळ डोंगर, माळ आणि ओढे पायी हिंडलो. त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असताना हा गौरवग्रंथ निघत आहे. त्यात माझ्या वाट्याला त्यांच्या क्षेत्रकामाविषयी लिहिणे आले आहे.

बाईंचे बालपण देहूरोडला गेले. वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते. भूशास्त्र हा विषय त्या काळी मुली घेत नसत, आणि घेतलाच तर पुढे शिकवण्याच्या नोकरीसाठी. बाईंनी मात्र डोंगर चढायची नोकरी धरली. आमची संस्था कारखान्यांसाठी खनिजांचा शोध घेई. पिंपरी-चिंचवडच्या ओतकामाच्या कारखान्यांना साच्यांसाठी रेती लागते, भट्ट्यांना आतून लावायला उष्णता सोसणाऱ्या विटा लागतात, पोलादाला मँगनीज लागते. हे सगळे कोणत्या ना कोणत्या गावच्या जमिनीतून येते. ते कुठे आहे, किती आहे आणि काढण्याजोगे आहे का, हे सांगणे बाईंचे काम. पूर्व विदर्भापासून दक्षिण कोकणापर्यंत त्यांनी ते केले. त्यांच्या अहवालांवरून सुरू झालेल्या खाणी आजही चालू आहेत. पण बाईंची ओळख ज्या कामामुळे झाली, तिथे खाण निघाली नाही. ती हकीकत आमच्या वर्तुळात अर्धवटच सांगितली जाते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

चाकणच्या आसपास मोठमोठ्या कंपन्या येत होत्या, तेव्हाची गोष्ट. भट्टीच्या विटा बनवणारे एक कारखानदार आमच्याकडे आले. विटांसाठी लागणारे बॉक्साइट ते गुजरातेतून आणत. खेड तालुक्याच्या पश्चिमेला, तळपेवाडीच्या वरच्या पठारावर तसाच दगड आहे, असे त्यांच्या व्यवस्थापकाने हेरले होते. त्याने दगडाची दोन पोती भरून आणली. मी पृथक्करण केले. निकाल उत्तम आला. इतका, की मी दुसऱ्यांदा तपासून पाहिला. कारखानदारांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. तळपेवाडीत जाऊन त्यांनी घरटी एक नोकरी देईन, असा शब्दही देऊन टाकला.

बाई तेव्हा विदर्भात होत्या. परत आल्यावर त्यांनी माझा निकाल वाचला आणि पोत्यात उरलेले दगड जमिनीवर ओतले. सगळे मुठीएवढे, फिकट, एकसारखे.

"तुमचं पृथक्करण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे दगड निवडून आणलेत. पठार असं नसतं."

पठारावर ठरावीक अंतराने चाचणीचे खड्डे घ्यायचे ठरले. जमीन गावाची, त्यामुळे गावाची संमती हवी होती. बाईंनी ग्रामसभेत ती मागितली आणि स्वतःहून एक अट घातली : खड्ड्यांतून जे निघेल, ते कारखानदारांच्या समक्ष गावाला सांगितले जाईल. कारखानदारांनी हसत मान डोलावली. निकाल चांगलाच येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

खड्डे खणायला गावातलीच माणसे होती. त्यांत संतोष नावाचा तरुण होता. चाकणच्या एका कंपनीत तो ठेकेदाराकडे कामाला जाई, आणि शिफ्ट संपवून इकडे येई. खाण निघाली तर चाकणच्या भाड्याच्या खोलीतून सुटका होईल, या आशेने तो सगळ्यांत जास्त राबत होता. "मॅडम, माल हाय ना?" हे तो रोज विचारी, आणि बाई रोज सांगत, "अजून माहीत नाही."

उन्हाळ्याचे दिवस होते. पठाराच्या कडेला खाली एक झरा होता, आणि गावाचे पिण्याचे पाणी तेवढेच. हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई सुनांबरोबर हंडे घेऊन तिथे येत आणि घटकाभर आमच्या खड्ड्यांपाशी टेकत. हेमलताबाई त्यांच्याशी झऱ्याबद्दल बोलत : कोणत्या महिन्यात धार बारीक होते, कधी आटला होता का. मला वाटे, वेळ घालवण्यासाठी गप्पा चालल्या आहेत.

हळूहळू चित्र उलगडू लागले. वर जांभ्याचे कठीण कवच. त्यात मधूनमधून चांगल्या बॉक्साइटचे कप्पे, तेही हातभर खोल. त्याखाली लोखंडाचे प्रमाण जास्त असलेला लाल दगड, विटांना निरुपयोगी. आणि सगळ्यात खाली शाडूसारखी पांढरट चिकणमाती. ऐन वैशाखात, त्या मातीच्या माथ्यावर, खोल खड्ड्यांत पाणी झिरपत होते. बाई खड्ड्यात उतरून ओल्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

खड्ड्यांतल्या नमुन्यांचे निकाल मी दिले. काही चांगले, बरेचसे वाईट. सरासरी काढली तर खाणीला परवडणारे काहीच उरत नव्हते. कारखानदार तावातावाने संस्थेत आले.

"मॅडम, सरासरी कशाला काढता? चांगलं चांगलं वेचून घेऊ आपण."

"वेचायला सगळं पठार उकरावं लागेल," बाई म्हणाल्या. "तेवढं उकरून जो माल मिळेल, तो तुम्हाला गुजरातेपेक्षा महाग पडेल."

"ते माझं मी बघतो. तुम्ही ‘आशादायक’ एवढा एक शब्द घाला. पुढचं मला मिळवता येईल."

"तो शब्द खोटा होईल."

आमच्या संचालकांनी बाईंना आत बोलावले. कारखानदारांकडून संस्थेला आणखी बरेच काम मिळणार होते. संचालक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना पगार द्यायचे होते. त्यांनी सुचवले की अहवालावर दुसऱ्या कोणाची तरी सही घेता येईल. बाईंनी विरोध केला नाही. "घ्या," त्या म्हणाल्या. "पण ज्याची सही घ्याल, त्याला आधी खड्ड्यात उतरवा." सही करायला कोणीच पुढे आले नाही. मीही दाराबाहेर होतो, आणि माझे निकाल बदलणार नाहीत, हे संचालकांनी विचारायच्या आधीच मी त्यांना सांगून टाकले. त्याला धाडस म्हणता येणार नाही. बाई आत असताना वेगळे बोलणे कठीणच होते.

ठरल्याप्रमाणे गावच्या शाळेत सभा झाली. कारखानदार आले, पण कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. बाईंनी साध्या शब्दांत सांगितले : दगड आहे, पण थोडा आहे, आणि विखुरलेला आहे. इथे खाण होणार नाही, आणि झाली तरी टिकणार नाही. मग त्या झऱ्याबद्दल बोलल्या. पाऊस जांभ्यात मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि कड्याला येऊन बाहेर पडतो. वरचा थर काढला, तर पाणी धरून ठेवायला काही राहणार नाही.

हौसाबाई पुढेच बसल्या होत्या. "मंजी पानी वरनं येतं व्हय? आमी समजायचो खालनं फुटतंय."

"वरूनच येतं, आजी. तुम्ही पिता ते पाणी आधी त्या दगडात राहतं."

संतोष उभा राहिला. "मॅडम, झरा ऱ्हाईल, ब्येस झालं. पर आमी चाकणला ठेकेदाराकडं मरतोय, त्याचं काय? घरापाशी काम येत व्हतं, ते बी तुमी घालवलं."

बाई त्याची समजूत घालतील असे मला वाटले. त्यांनी घातली नाही.

"काम आलं असतं, संतोष. दोन-तीन पावसाळे पुरलं असतं. नंतर काम नाही आणि पाणीही नाही."

"ते आमी बघितलं असतं."

"हो, तो तुमचा हक्क आहे. पठार तुमचं आहे, ठरवायचंही तुम्हीच. माझं काम होतं काय आहे ते सांगायचं. तुला गोड वाटेल असं सांगितलं असतं, तर ती फसवणूक झाली असती."

संतोष खाली बसला. त्याला पटले असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हते.

त्या पठारावर गावची गुरे चरत. सभेनंतर आमच्या संस्थेच्या दृष्टीने काम संपले होते, आणि खड्डे खणण्याचे काम ज्या ठेकेदाराला दिले होते, त्याने ते बुजवण्याची जबाबदारी टाळली होती. बाई सुट्टीच्या दिवशी माणसे घेऊन पुन्हा वर गेल्या आणि पाऊस लागायच्या आत एकेक खड्डा बुजवून घेतला. फावडे मारायला संतोषही आला होता. बाईंकडे पाठ करूनच तो खड्डे भरत राहिला.

कारखानदारांनी दुसऱ्या तज्ज्ञाला नेले. त्यानेही खड्डे घेतले आणि काही महिन्यांनी बेत सोडून दिला गेला. आमच्या संस्थेला मात्र त्या कारखानदारांचे काम पुढे काही वर्षे मिळाले नाही. शोध विभागाचे प्रमुखपद बाईंना मिळायचे होते, ते त्यांच्यापेक्षा नवख्या माणसाला मिळाले. त्याच्या हाताखाली बाईंनी तक्रार न करता काम केले. त्याला खडक ओळखायलाही शिकवले. या गोष्टीबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. "वाईट वाटलं," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

पुढे तेच कारखानदार परत आले. त्यांना कोकणात साच्याच्या रेतीच्या खाणीत भागीदार व्हायचे होते, आणि इतर भागीदारांनी अट घातली होती, की पाहणी रणपिसे बाईंनीच करावी. "त्या ‘नाही’ म्हणतात," कारखानदार आमच्या संचालकांना म्हणाले, "म्हणून त्यांच्या ‘हो’ला किंमत आहे." बाईंनी पाहणी केली आणि यावेळी त्या ‘हो’ म्हणाल्या. तिथल्या गावातल्या काहींचा विरोध होता. बाई त्यांच्याकडेही गेल्या, विहिरी पाहिल्या, खाण कोणत्या खोलीपर्यंत न्यायची आणि मागचा भाग भरत भरत पुढे कसे जायचे, हे बारकाईने लिहून दिले. ती खाण चालू आहे. बाई खाणींच्या विरुद्ध आहेत असा एक समज पसरला आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

त्यांच्या स्वभावाविषयी घरचा एक प्रसंग सांगतो. माझ्या मुलीने, शबानाने, भूशास्त्र घ्यायचे ठरवले तेव्हा आमच्या घरी वादळ झाले. पोरीने डोंगरदऱ्यांत परक्या माणसांबरोबर राहायचे, हे माझ्या बायकोला मान्य नव्हते. मी बाईंना विनंती केली की एकदा घरी येऊन तिला समजावून सांगा. बाई काळेवाडीहून चाकणला आल्या, आमच्याकडे जेवल्या. बायकोने सरळ विचारले, "ताई, धोका असतो का?"

"असतो," बाई म्हणाल्या. "नाही असं मी म्हणणार नाही." मग त्यांनी मुक्कामाच्या जागा, आडवाटेला बंद पडलेली गाडी, बाई माणूस म्हणून होणारी कुचंबणा, एकटेपण, सगळे सांगितले. मला वाटले, होते ते काम बिघडले. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि एवढं सगळं असूनही मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही, वहिनी." दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने शबानाला बूट घ्यायला पैसे दिले. शबाना आता ओडिशात मँगनीजच्या शोधपथकात आहे. अडचण आली की तिचा फोन आधी बाईंना जातो, मग मला.

मागच्या वर्षी चाकणच्या चौकात मला संतोष भेटला. आता तो कायम कामगार आहे, पोरे इथल्याच शाळेत आहेत. मी झऱ्याचे विचारले. "पानी हाय, राव," तो म्हणाला. "आई-बाप तिथंच हायत, त्यांचं चालतंय. पर गावात आता पोरं न्हाईत." बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकले. संतोषचे म्हणणे खरे आहे, असे त्या म्हणाल्या. आपले म्हणणे बरोबर ठरल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिले नाही.

निवृत्तीनंतरही बाईंचे हिंडणे थांबलेले नाही. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी चढ टाळायला सांगितले आहे, आणि बाई चढ टाळत नाहीत. महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन त्या मावळातल्या डोंगरांवर जातात. आम्हा सर्वांच्या वतीने एवढेच मागणे, की त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो आणि आयुष्य उदंड लाभो. पुढची अनेक वर्षे आम्ही धापा टाकत मागे राहावे, आणि बाईंनी माथ्यावर पोहोचून आमची वाट पाहत उभे असावे.

— रफीक तांबोळी, चाकण