निघालोच, साहेब

मी नववी नापास. न्यूझीलंडला आलो तो बायकोच्या व्हिसाला चिकटून. ती इंजिनिअर, मी तिचा डबा भरणारा. आमच्या पोरिरुआच्या मराठी लोकांत मला कुणी काही विचारत नाही, फक्त पन्नास माणसांना तांदूळ किती लागेल ते विचारतात. अशा माणसावर साहेबांनी आपली निवडणूक सोपवली. चूक तिथूनच सुरू झाली.

साहेब पुण्याचे. इथे पाण्याच्या पाइपलाइनींवर आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर जेपी, जस्टिस ऑफ द पीस, झाले. म्हणजे दर शनिवारी लायब्ररीत टेबल टाकून बसायचं, लोकांच्या कागदांवर सही-शिक्का द्यायचा, तोही फुकट. आम्ही त्यांना जजसाहेब म्हणायचो.

"अरे, जजला पगार असतो," ते म्हणायचे.

मग कौन्सिलला उभे राहिले. मला म्हणाले, "एकदाच उभा राहतोय. पुढच्या वेळेला गुडघे उभं राहू देणार नाहीत. आपल्या लोकांची मतं तू बघ."

इथे मतदान पोस्टाने होतं. पाकीट घरी येतं, खुणा करायच्या आणि पाठवून द्यायचं. बायको म्हणाली, "लोकांना सांग, आलं की लगेच टाका." मला ते पटेना. ना रांग, ना बोटाला शाई, हे कसलं मतदान? मी घरोघरी फिरलो, प्रत्येक घरी चहा प्यालो आणि सगळ्यांना सांगितलं, पाकीट फ्रिजवर ठेवा. शेवटच्या शनिवारी हॉलमध्ये मिसळ खाऊ, नटूनथटून एकत्र जाऊ आणि लायब्ररीतल्या नारिंगी डब्यात टाकू. फोटो पण काढू.

लोकांनी ऐकलं. माझं कधी कुणी ऐकत नाही, नेमकं तेव्हा ऐकलं.

डबा बाराला बंद होणार, हे मला माहीत होतं. सगळ्यांना सांगितलंही होतं. पण आमच्या लोकांचं बारा म्हणजे एक. पावणेबाराला अर्धे लोक पार्किंग शोधत होते आणि मी तर्रीत उकळतं पाणी घालत होतो.

साहेबांचा फोन आला. उमेदवाराने डब्याजवळ घुटमळायचं नाही म्हणून ते समोरच्या डेअरीबाहेर, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर, गाडीत बसले होते.

"कुठे आहात?"

"निघालोच, साहेब."

हातात पळी होती. निघालोच हे आम्ही अंघोळीला जाताना पण म्हणतो. शिवाय मनात होतं, थोडा उशीर झाला तर काय? गावाकडे वेळ संपली तरी रांगेतल्याला मत टाकू देतात. पण रांगेत नसलेल्याला देत नाहीत, हे आठवलं नाही. आम्ही सगळे मिसळीच्या रांगेत होतो.

पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. पैठण्या, कुर्ते, हातात पाकिटं. डब्याच्या फटीवर पट्टी चिकटवलेली. माझ्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, "डॅड, इट्स क्लोज्ड." ती मराठीत बोलली असती तरी मला तेव्हा कळलं नसतं.

साहेब गाडीतून उतरले आणि गुडघा धरत रस्ता ओलांडून आले. सगळ्यांकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"जेवलात का सगळे?" त्यांनी विचारलं.

 मग एक वहिनी म्हणाल्या, "तुमची मिसळ बांधून आणलीय." ती त्यांनी लायब्ररीच्या पायरीवर बसून खाल्ली, गार. मला म्हणाले, "तिखट कमी आहे." बास. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो तरी असतो.

साहेब पडले. किती मतांनी ते सांगत नाही. त्याहून जास्त माणसं त्या दिवशी माझ्याकडे जेवून गेली होती.

आता हॉलमध्ये जेवण असलं की लोक मला विचारतात, "नक्की किती वाजता?" आणि हसतात. मीही हसतो. कंटाळा आलाय, पण हसतो.

परवा मला पासपोर्टच्या कॉपीवर शिक्का हवा होता. दुसरा जेपी शोधायचं मनात आलं होतं, पण बायकोने बघितलं माझ्याकडे. मग साहेबांनाच फोन केला.

"शनिवारी ये. किती वाजता येशील?"

"सकाळीच निघतो, साहेब."

 साहेब म्हणाले, "मी बारापर्यंत आहे."

लायब्ररी दहाला उघडते. मी नवालाच जाऊन पायरीवर बसलो.